कोल्हापुरी समुपदेशन म्हणजे काय हो?

पुण्यातलं काम सोडून मी कोल्हापुरात 'इथल्या माणसांसाठी' म्हणून समुपदेशन केंद्र काढलं, तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. एकदा तर दाढेला भूल देता देता डॉक्टरांनीच विचारलं, "पुण्यातलं सोडून आलात ते ठीक, पण 'इथल्या माणसांसाठी' म्हणजे काय? रस्सा झाला, चप्पल झाली, आता समुपदेशनही कोल्हापुरी?" तोंडात सुई असताना उत्तर देता येत नाही, म्हणून आता लिहिते.

पद्धत तीच आहे, शिकले तीच. गंडादोरा बांधत नाही. औषधाची गरज दिसली की मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवते. एवढं सांगून मी आजवर सुटका करून घेत आले. पण केंद्र काढायचं खरं कारण एका बाकड्यावर बसलं होतं.

२०१९ च्या पुराचं तुम्हाला काय सांगायचं! पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. मी तेव्हा नुकती परतले होते, एका दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस बसायचे. दिवाळीनंतर नदीकाठच्या गावातली एक बाई आली. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) सोबत सासू. सासूला मी बाहेर बाकड्यावर बसवलं. गोपनीयता.

मग नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी काढली. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद कमी वाटला का? ती बघतच राहिली. "कामात कसला आनंद? काम ते काम." मी 'अजिबात नाही'वर खूण केली, म्हणजे शून्य गुण. तिची बेरीज इतकी कमी आली की कागदावर ती माझ्यापेक्षा बरी होती. अन् झोप तर महिनोन् महिने नाही. छातीत कालवाकालव होते म्हणाली, हातात दावं असल्यागत वाटतं म्हणाली. पाणी गोठ्यात शिरलं त्या रात्री म्हशींची दावी कापून त्यांना सोडून दिलं होतं. त्या परत आल्या नाहीत. कालवाकालवीला माझ्या कागदावर रकाना नव्हता.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्यात लोक हसायचे म्हणून मी ते टाकून 'आले, गेले' शिकले होते. माझं बोलणं ऐकून तीही शब्द निवडून, सरळ करून बोलायला लागली. शाळेत बाईंसमोर उभं राहिल्यासारखी. अशी बाई रडणार कशी?

मी म्हशी सोडल्या आणि सासू धरली. घरात तुमचं कोण ऐकतं, स्वतःसाठी वेळ मिळतो का, 'नाही' म्हणता येतं का. तिनं ऐकलं बिचारीनं. तिसऱ्या खेपेला सासू दारातच उभी राहिली. "ही आता माझ्याशी बोलंना. आत काय चालतंय मला कळत न्हाई, पण बाई, म्हशी माझ्याबी हुत्या की."

दावी दोघींनी मिळून कापली होती. त्या रात्रीला दुसरा साक्षीदार नव्हता, आणि मी त्याला तीन वेळा बाहेर बसवला होता. चौथ्या खेपेला कुणीच आलं नाही.

तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. सासू आत असती तर ती तोंड उघडती का? कदाचित नसती. घरातला जाच खरा असता तर? असूही शकला असता, मी धड विचारलंच कुठं.

तर आता राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. झेरॉक्स मुद्दाम. जिना चढताना कुणी हटकलं तर कारण तयार असतं. पहिली पंधरा मिनिटं सोबतचं माणूस आत. 'कुठल्या तुम्ही?' विचारलं की सांगते, पूर्वी हसून टाळायचे. फी ऊसाचं बिल आल्यावर दिली तरी चालते. चाचणी करते, पण आधी त्रासाला त्यांचा शब्द विचारते. आणि हो, मी पुन्हा 'आलो' म्हणते.

"म्हणजे बायकांना सांभाळून घ्या सांगता," असं एक मैत्रीण म्हणाली. मला राग आला, कारण ती भीती मलाही आहे. संस्कृतीच्या नावाखाली सोसायला लावणं फार सोपं असतं. अंगात येतं म्हणणाऱ्या बाईला मी हसत नाही, पण ते उतरवायला कुणी मारत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथं मी समजूतदारपणा दाखवत नाही.

गेल्या महिन्यात एक काका पुतणीला घेऊन आले. मुलगा दुसऱ्या जातीचा. शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाचा कायदा केला त्या गावात, शंभरावर वर्षांनी, "हिच्या डोक्यातलं खूळ काढा." पंधरा मिनिटं काकाच बोलले. पोरगी टेबलावरच्या डागाकडं बघत होती. मग मी त्यांना बाहेर बसवलं. तासाभरात तीनदा दार वाजलं. तिसऱ्यांदा आवाज आला, "मॅडम, चहा सांगू का?" पोरगी दचकली.

मी उठून कडी लावली. लावताना ती सासू आठवली नाही, असं नाही.