तुम्ही विचारलंत म्हणून: अस्वल अंगावर आलं तर मेल्याचं सोंग घ्यायचं का?

अमेरिका-कॅनडात ट्रेकला निघालेली माणसं हा एकच प्रश्न विचारतात. तो कुठून येतो तेही ठाऊक आहे. दोन मित्रांच्या गोष्टीत एक जण झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडतो, अस्वल कानाशी हुंगून निघून जातं. झाडाचं आधी मिटवू. तिकडे मुख्यतः दोन जाती भेटतात: काळं अस्वल आणि ग्रिझली, म्हणजे तिथलं तपकिरी अस्वल. काळं अस्वल झाडावर माणसापेक्षा कितीतरी झपाट्याने चढतं आणि ग्रिझलीलाही चढता येतं. पळण्याचा विचारही नको, कारण अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकतं.

सोंगाचं उत्तर आहे: कधी कधी. ग्रिझली दचकली, पिल्लांसाठी किंवा राखून ठेवलेल्या भक्ष्यासाठी चवताळली आणि खरोखर अंगाला भिडली, तर पालथं पडायचं. सॅक पाठीवरच, बोटं मानेमागे घट्ट गुंफलेली, पाय फाकलेले, म्हणजे तिला तुम्हाला सहज उलथवता येत नाही. ती गेल्यावरही लगेच उठायचं नाही. भिडण्याआधी मात्र पडू नका. पुष्कळदा ती नुसती हूल देते आणि काही पावलांवरून वळते. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर हाताला लागेल त्याने नाका-डोळ्यांवर मारत लढायचं. आणि जात कुठलीही असो, जे अस्वल मागे मागे येतं किंवा रात्री तंबूत शिरतं, त्याच्यापुढे निपचित पडायचं नाही.

‘काळं असेल तर लढा, तपकिरी असेल तर पडा’ हे सुटसुटीत वाक्य मीही बरीच वर्षं सांगत होतो. आता सांगवत नाही. ‘काळं’ हे जातीचं नाव आहे; काळी अस्वलं रंगाने तपकिरी, अगदी दालचिनीच्या रंगाचीही असतात. ग्रिझली ओळखायची खांद्यावरच्या वशिंडावरून, खोलगट चेहऱ्यावरून, लांब नखांवरून. पण मध्यरात्री वशिंड कोणाला दिसणार?

१३ ऑगस्ट १९६७. मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क. १९१० साली उद्यान झाल्यापासून तिथे ग्रिझलीने एकही माणूस मारला नव्हता. त्या एका रात्रीत दोन मुली गेल्या, दोघीही १९ वर्षांच्या, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या अस्वलांकडून. ग्रॅनाइट पार्कच्या विश्रामगृहामागे खरकटं टाकलं जायचं. ते खायला रोज रात्री ग्रिझली यायच्या आणि पाहुणे तो देखावा बघायला जमायचे. जवळच उघड्यावर एक मुलगा आणि एक मुलगी झोपले होते. अस्वल आलं तेव्हा दोघांनी मेल्याचं सोंग घेतलं. अस्वलाने दोघांनाही चावे घेतले आणि मुलीला ओढून नेलं. मुलगा वाचला, ती वाचली नाही. तिकडे ट्राउट तळ्याकाठी एक खंगलेलं अस्वल संध्याकाळीच येऊन मुलांचं जेवण खाऊन गेलं होतं. मुलं तिथून थोडी सरकली, पण रात्र तळ्याकाठीच काढायची ठरली. पहाटेआधी ते परत आलं. बाकीचे स्लीपिंग बॅगमधून निसटून झाडांवर चढले. एकीला निघता आलं नाही.

मेल्याचं सोंग आणि झाड, गोष्टीतले दोन्ही उपाय त्या रात्री झाले. झाडावरचे वाचले हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण माणूस असतो तिथे अन्न मिळतं हे त्या अस्वलांना आधीच शिकवलं गेलं होतं. म्हणून तुमचा प्रश्न मला उशिराचा वाटतो. अस्वल समोर येण्याच्या कितीतरी आधी, तुम्ही जेवण कुठे रांधलंत तिथे बरंचसं ठरलेलं असतं.

झोपायची जागा, स्वयंपाकाची जागा आणि अन्न ठेवायची जागा, तिन्ही एकमेकांपासून सुमारे ९० मीटर लांब हव्यात. तंबू वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा तंबूकडून स्वयंपाकाकडे वाहायला हवा. अन्न बेअर कॅनिस्टरमध्ये, म्हणजे अस्वलाला उघडता न येणाऱ्या टणक डब्यात, आणि तो सपाट जमिनीवर, पाण्यापासून आणि कड्यापासून दूर. त्याला दोरी बांधू नका, नाहीतर अस्वलाला ओढून न्यायला आयती मूठ मिळते. डब्याऐवजी अन्न पिशवीत घालून झाडाला टांगायचंच असेल तर जमिनीपासून किमान ३ मीटर आणि खोडापासून सव्वा मीटर. बहुतेकांची दोरी खोडाला चिकटून असते, मग टांगून काय उपयोग? आणि ‘अन्न’ म्हणजे नुसतं खाणं नव्हे. टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचं मलम, कचऱ्याची पिशवी, स्वयंपाक करताना घातलेला शर्ट, हे सगळं तंबूबाहेर.

वाटेवर घंटी वाजवत फिरू नका. तिचा आवाज फार लांब जात नाही. वळणावर, ओढ्याकाठी, दाट झुडपात मोठ्याने बोला. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीच्या अर्काचा फवारा, पट्ट्याला किंवा छातीवर हवा, सॅकच्या तळाशी असलेला नसल्यात जमा. तो विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही, तेव्हा तिथे पोचल्यावरच घ्या. अस्वल दहा-पंधरा मीटरवर आलं की किंचित खाली रोखून मारायचा, म्हणजे ते ढगातूनच पुढे येईल. तो अंगाला किंवा तंबूला फासू नका. वाळलेल्या स्प्रेचा वास उलट अस्वलांना खेचतो. अलास्कातल्या नोंदींचा अभ्यास २००८ साली छापून आला. त्यात जवळून गाठ पडलेल्या, स्प्रे बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना अस्वलाकडून इजा झाली नव्हती. बंदुकीवर विसंबणाऱ्यांनी हा आकडा नीट वाचावा.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे पक्कं नाही: संध्याकाळी अस्वल तळावर येऊन अन्न खाऊन गेलं, तर रात्री काय करायचं? मी म्हणतो, निघा. सगळ्यांनी एकत्र, टॉर्च लावून, मोठ्याने बोलत, स्प्रे हातात धरून. माझ्याहून अनुभवी माणसं म्हणतात, अंधारात पायवाटेवर त्याच अस्वलाला जाऊन धडकण्यापेक्षा सगळ्यांनी जवळ जवळ बसून रात्र जागून काढावी आणि उजाडताच तळ हलवावा. त्यांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.