पंचांगाचा प्रोग्राम, नोंद 7: चतुर्थी कुठे गेली?

मंडळी, या महिन्यात नवीन फीचर शून्य. प्रोग्राम रस्ट, सी आणि पायथन अशा तीन भाषांत आहे; रस्टमधून सीला आणि पायथनमधून रस्टला हाक मारणारी सगळी फंक्शनं एकेक करून तपासायला घेतली आहेत. एकूण 31, त्यातली 19 उरकली.

निमित्त न्यू जर्सीतल्या मावसबहिणीचं. घरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर चालणाऱ्या माझ्या प्रोग्रामवर ती संकष्टी बघते. तिचा मेसेज आला, "दादा, इथल्या पंचांगात चतुर्थी आहे, तुझ्याकडे प्रतिपदा कशी?" लॅपटॉपवर तीच तारीख टाकली तर चतुर्थी! आणि पुण्यासाठी दोन्हीकडे बरोबर.

दोन संध्याकाळी चंद्राचं गणित उसवण्यात घालवल्या. ते बिचारं निर्दोष होतं. टाइमझोन मी पाव तासांत ठेवतो: भारत 22, न्यू जर्सी हिवाळ्यात उणे 20. सीच्या हेडरमध्ये (फंक्शनं जाहीर करायची फाइल) त्याचा प्रकार नुसता 'कॅर', म्हणजे एक बाइट. लॅपटॉपच्या इंटेल प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये कॅरला उणे कळतं, पायच्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये कळत नाही. उणे 20 चा तोच बाइट तिथे 236 होतो, म्हणजे 59 तास. असायला हवे होते उणे 5. 64 तासांचा फरक, तिथी जवळजवळ पावणेतीनने मागे. भारताचा आकडा अधिक चिन्हाचा, त्यामुळे इथे बसून हा बग जन्मात सापडला नसता.

गाढवपणा माझाच. रस्टच्या बाजूला मी हाताने 'आय8' (उणे कळणारा बाइट) लिहिलं होतं. 'सी_कॅर' (त्या मशीनवर सीचा कॅर असेल तसा) लिहिलं असतं तर पायवर तो 'यू8' (उणे न कळणारा) झाला असता आणि कंपायलरनेच दारात अडवलं असतं. तुकडे जोडणारा लिंकर फक्त नाव बघतो, प्रकाराशी त्याला देणंघेणं नाही. आता हेडरमध्ये 'इंट8_टी' (सगळीकडे उणे कळणारा) आहे आणि रस्टची डिक्लेरेशनं हेडरवरून बाइंडजेन नावाचा प्रोग्राम काढून देतो.

तिथीचं नाव देणाऱ्या फंक्शनात तर आणखी मजा. रस्ट स्ट्रिंगचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता देतं, ती मेमरी परत रस्टनेच मोकळी करायची. मी सीटाइप्समध्ये (पायथनमधून बाहेरची फंक्शनं बोलावायची लायब्ररी) परतीचा प्रकार 'सी_कॅर_पी' ठेवला होता. पायथन लगेच त्याची बाइट्समध्ये नक्कल करतं आणि मूळ पॉइंटर हरवतो. मग मोकळं करायला मी जे पाठवत होतो तो पायथनच्याच मेमरीचा पत्ता! इतके दिवस क्रॅश कसा झाला नाही, देव जाणे. आता 'सी_व्हॉइड_पी', म्हणजे नुसता पत्ता मिळतो, नक्कल मी स्वतः करतो.

पॅनिक, म्हणजे रस्ट मध्येच कोसळतं ते प्रसंग, सगळीकडे 'कॅच_अनवाइंड'ने रस्टच्या आतच धरले. कंटाळवाणं काम, झालं एकदाचं.

उरलेल्या 12 मध्ये तीन कॉलबॅकवाली (सीने उलट पायथनला हाक मारायची) आहेत, ती मुद्दाम मागे ठेवली आहेत. पायथनच्या बाजूला कॉलबॅकचा ऑब्जेक्ट कुणी धरून ठेवला नाही तर तो कचऱ्यात जातो आणि सी मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतं. माझ्या कोडमध्ये तो कुणीच धरलेला नाही, एवढं आत्ताच दिसतंय.