रबराचं वय

जुन्या मर्सिडीजच्या जाहिरातीत ‘इंजिन एकदम टकाटक’ असं लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. अडचण इतकीच, की या गाडीत काळजी करावी असा भाग इंजिन नव्हेच. टायमिंग बेल्टऐवजी चेन असलेलं हे इंजिन वेळेवर तेल मिळालं तर तीन-चार लाख किलोमीटर कुरकुर न करता चालतं. पत्राही जाड. म्हातारं होतं ते मधलं सगळं मऊ सामान: बुश (सांध्यांमधल्या रबरी नळ्या), माउंटिंग (इंजिन ज्यांवर टेकतं त्या रबरी बैठका), होज पाइप, वायरीवरचं आवरण, दारांचे बीडिंग, छताच्या कापडाचा गोंद. मीटरवर किती किलोमीटर दिसतात याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. रबर कॅलेंडर बघून म्हातारं होतं, आणि आपल्याकडच्या उन्हात अंमळ लवकरच.

उदाहरणाला आपल्या घरचीच गाडी घेऊ. जर्मनीत 1984 साली आलेलं मर्सिडीजचं डब्ल्यू 124 हे मॉडेल. 1993 मध्ये तिला ‘ई-क्लास’ हे नाव मिळालं आणि 1995 पासून पिंपरीला टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात ती जोडली जाऊ लागली. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना बऱ्याच नंतरचा, 2009 चा. पिंपरीची ई 220 म्हणजे चार सिलिंडरचं, 2.2 लिटरचं, 150 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. ई 250 म्हणजे पाच सिलिंडरचं डिझेल. त्या काळी उद्योगपती आणि बिल्डर मंडळींच्या दारात दिसणारी ही गाडी आज नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळते. म्हणूनच फसगत होते. उतरलेली असते ती गाडीची किंमत. तिच्या पार्टांची नव्हे.

मागच्या चाकांपासून सुरुवात करा, कारण या गाडीची सगळी ऐट तिथे आहे. प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळे आर्म धरून ठेवतात. खाली एक जाड आर्म, ज्यावर स्प्रिंग बसते, आणि चार बारीक. दोन्ही चाकांचे मिळून दहा. प्रत्येकाच्या टोकांना रबरी बुश किंवा जॉइंट. खड्ड्यातून जाताना मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातातला चहा हलत नाही तो यांच्यामुळेच. बुश फाटले की हमरस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत गाडी शेपटी हलवायला लागते, स्टिअरिंग सरळ धरलेलं असतानाही. मागचे टायर आतल्या कडेने झिजतात. गॅरेजवाला अलाइनमेंट करून देतो, महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बुश ढिले असताना अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आधी आर्म, मग अलाइनमेंट.

आर्म बदलताना एक गोष्ट जवळपास प्रत्येक ठिकाणी चुकते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतात. मेकॅनिक बोल्ट घालतो आणि तिथेच कचकचून आवळतो. मग गाडी खाली येते, स्प्रिंग दबतात, आर्म वर वळतात आणि आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा नवा कोरा बुशसुद्धा वर्ष-दोन वर्षांत फाटतो आणि दोष मात्र पार्टवर जातो. बोल्ट हाताने बसेपर्यंतच फिरवायचे, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्यायचं, एकदोनदा मागचा भाग दाबून सोडायचा आणि मग, रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी उभी करून, टॉर्क पान्याने शेवटचं आवळायचं. मेकॅनिकला हे आधीच सांगून ठेवा. काम संपल्यावर सांगितलं की त्याचा मूड जातो.

मागे-पुढे गिअर टाकताना खालून ‘टक्’ असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याकडे बघा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबराच्या जाड चकत्या असतात, आत दोरा विणलेल्या. बोल्टांच्या आजूबाजूला भेगा दिसल्या की त्या संपल्या. बसवताना बोल्टचं डोकं स्थिर धरून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरवला तर चकतीतली नळी रबराला पिळते आणि मागची चूक नव्याने होते. सेल्फ लॉकिंग नट दुसऱ्यांदा वापरू नयेत. शाफ्टच्या मधोमध बेअरिंग आहे, तेही रबरात बसवलेलं. ते त्याच वेळी बदलावं, कारण शाफ्ट परत उतरवण्याची मजुरी बेअरिंगपेक्षा महाग पडते. मधला मोठा क्लॅम्प नट सगळ्यात शेवटी, गाडी थोडी पुढे-मागे ढकलून झाल्यावर.

इंजिन माउंटिंगचं थोडक्यात. आत तेल भरलेलं असतं, ते गळून जातं. सिग्नलला उभं राहिल्यावर सीट थरथरली की दोन्ही बाजूंची माउंटिंग एकदम बदलायची, सोबत गिअरबॉक्सचंही.

पेट्रोलवाल्या ई 220 ची खरी कटकट मात्र वायरिंगची. 1990 च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्या भागात इंजिनावरच्या वायरिंगला जे आवरण वापरलं गेलं, ते उष्णतेने वाळतं, तडकतं आणि बोट लावताच भुगा होऊन हातात येतं. उघडी तार उघड्या तारेला टेकते. मग गाडी गरम झाल्यावर मिसिंग करते, आयडलिंग वर-खाली होतं, कधी पिकअपच मिळत नाही. प्लग बदलतात, कॉइल बदलतात, नको तो सेन्सर बदलतात, आणि शेवटी कोणीतरी ईसीएमच (इंजिनाचा कॉम्प्युटर) जळाल्याचं सांगतो. कधी तो खरंच जळालेला असतो, याच वायरींनी जाळलेला. तपासणी सोपी आहे: इंजिन थंड असताना तापमानाच्या सेन्सरजवळचं काळं बाहेरचं आवरण थोडं मागे सरकवा आणि आतली बारीक वायर हलकेच वाकवा. तडकली तर संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा बदलावा लागेल. इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा त्यावर इलाज नाही. हार्नेसवर तारखेची पट्टी असते. ती 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा नंतरची निघाली, तर आधीच्या मालकाने खर्च केलेला आहे असं समजावं आणि त्याच्या मागणीत फार घासाघीस करू नये. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) मोटरकडे जाणाऱ्या वायरीही त्याच वाणाच्या, हे विसरू नका.

आता पाणी, दोन्ही प्रकारचं. रेडिएटरच्या वरच्या बाजूचं प्लास्टिकचं तोंड वयाने ठिसूळ होतं. क्लिप थोडी जास्त आवळली, की एखाद्या दिवशी घाटात ते तोंड होजसकट निखळतं. दहा-बारा वर्षांचा रेडिएटर फुटायची वाट न बघता बदलावा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बोअरचं पाणी कधीही नाही. तापमानाचा काटा 80 ते 100 च्या मध्ये फिरणं या गाडीला शोभतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, 87 अंशांना उघडतो. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी ‘थंड’ चालवण्याचा सल्ला देणारा मेकॅनिक मनाने चांगला असतो, पण त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पावसाळ्यात या गाडीचा एकुलता एक वायपर बघण्यासारखा असतो. मधल्या दांड्यात गिअरची रचना आहे, त्यामुळे तो कोपऱ्याकडे जाताना लांबतो आणि मध्ये आला की आखडतो. 86 टक्के काच पुसतो. आतलं ग्रीस वाळलं की तो संथ होतो, अडखळतो, आणि मुंबईच्या धो धो पावसात नेमका मध्येच थांबतो. दोन-तीन वर्षांतून एकदा मे महिन्यात आवरण काढून जुनं ग्रीस पुसायचं आणि नवं भरायचं. तेव्हाच काचेखालच्या खोबणीतला पालापाचोळा काढून तिथल्या पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या करा. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच. त्या तुंबल्या की पाणी ब्लोअरमध्ये उतरतं. आणि ब्लोअर आहे वायपरच्या खाली, म्हणजे तो काढायचा तर आधी वायपर काढा.

एसीबद्दल लोक फार आशावादी असतात. ‘फक्त गॅस भरायचाय’ असं सांगून विकलेल्या गाडीचा कूलिंग कॉइल गळत असण्याची शक्यता मोठी. तो बदलायला अख्खा डॅशबोर्ड बाहेर येतो, आणि तीस वर्षांचं प्लास्टिक बाहेर येताना काही क्लिपा सोबत नेतं. म्हणून आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळती कुठे आहे ते नक्की करा. ती पाइपांच्या जोडावरच्या ओ-रिंगांतून असेल तर नशीब. कॉइलच असेल, तर डॅशबोर्ड उघडल्यावर हीटरचा कॉइलही तपासून घ्या. हे काम दुसऱ्यांदा करण्याची हौस कोणालाच नसते.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंजिन चालतं, ॲव्हरेज थोडं घसरतं. त्रास होतो तो पुन्हा रबराला. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी तुकडे फुगतात किंवा तडकतात. ते सगळे एकदाच इथेनॉलला चालणाऱ्या होजने बदला. टाकीतली जाळी आणि मागच्या ॲक्सलजवळ खाली बसवलेला फिल्टरही त्याच वेळी, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून पुढे ढकलतो. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर ती सत्तर लिटरची टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. खरं तर ती उभी ठेवूच नका. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, इंजिन पुरतं गरम होईल इतकी चालवा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू करून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, बाकी काही साधत नाही. ब्रेकचे होजही आतून फुगतात: पाय काढला तरी एक चाक धरून राहतं, आणि लोक कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) बदलत बसतात.

कागदांचं बघू. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या कारसाठी त्याची फी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये आहे, आधी ती 5,000 होती. पर्यावरण कर वेगळा. विम्यात मात्र खरी मेख आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला, की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. लाख-दीड लाखांची आयडीव्ही लावून घेतलेल्या गाडीला एक हेडलाइट, एक फेंडर आणि बॉनेट एवढंही त्यासाठी पुरतं. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही मालक आणि कंपनी दोघांच्या संमतीने ठरते. हप्ता थोडा वाढू द्या, पण व्हॅल्युअरकडून मूल्यांकन करून आकडा वाजवी लावून घ्या.

पार्ट घेताना चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून मागा. ‘मर्सिडीजचा बुश द्या’ म्हणाल तर कुठल्यातरी मर्सिडीजचा मिळेल. जुन्या स्टॉकमधल्या, सील न फोडलेल्या डब्यांचं अनेकांना अप्रूप असतं. बेअरिंग किंवा गिअर असेल तर जरूर घ्या. पण 1998 च्या डब्यातला बुश हा डब्यात बसून म्हातारा झालेला बुशच. टायरचंही तसंच: 195/65 आर 15 हे माप कुठेही मिळतं, पण बाजूवरचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. काचा, दिवे, मीटर, दारांची हँडलं यांच्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालायला हरकत नाही. बॉनेटवरची चांदणी मात्र नवीच घ्या आणि जपा. बॉनेट उघडून खालून पाव वळसा दिला की ती सुटते, हे जाणणारे मालक तिला ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात आणि कोणाच्या लग्नाला गाडी मागितली गेली तरच लावतात.