जेलकोट एकदाचा सुकला, रंगाने मात्र दगा दिला

डिंगीच्या (छोट्या फायबरग्लास होडीच्या) नाकाजवळचे ओरखडे अन् कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा मागच्या वेळी दाखवल्या होत्या. खिंडसी तलावाच्या काठावरच्या दगडाची ती कृपा. आतलं लॅमिनेट (फायबर अन् राळेचे थर) शाबूत, फक्त जेलकोट (वरचा रंगीत, चकचकीत थर) गेलेला. म्हटलं दोन रविवारचं काम. काल सहावा रविवार झाला, राजेहो.

तडा व्ही आकारात कोरल्या, अ‍ॅसिटोनने पुसल्या, भरल्या. इथवर छान. पण भरलेला जेलकोट तीन-तीन दिवस चिकटच! बोट टेकवलं की ठसा, अन् 220 चा सँडपेपर दोन हातांत माखून बाद. नागपूरच्या मे महिन्यात, 45 डिग्रीत, काही न सुकणं म्हणजे चमत्कारच. आधी हार्डनरला (जेलकोट घट्ट व्हायला त्यात मिसळतात ते रसायन) शिव्या घातल्या. 1 टक्क्याचा 2 टक्के केला, तर माल कपातच थिजला अन् कप असा तापला की हातातून टाकून द्यावा लागला.

शेवटी चिडून एक पट्टी खरवडली, तर खाली दगडासारखी टणक. चिकटपणा फक्त वरच्या पापुद्र्यात! मग ट्यूब पेटली. इतवारीतून आणलेला माल साच्यात मारायचा, बिनमेणाचा (मेण असलं की ते वर येऊन हवा अडवतं). तिथे तोंड साच्याला टेकलेलं असतं, हवा लागत नाही. उघड्यावर ऑक्सिजन वरचा थर पक्का होऊच देत नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, ‘भाऊ, सगळे हाच नेतात.’ धन्य.

पहाटे सहाला परत 1 टक्क्यावर आलो, जरा उंच भरलं, वर जुन्या ओएचपी शीटचा (पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा दाबून बुडबुडे काढले अन् कडेने टेप मारला. दुपारी शीट सोलली. नखाने वाजवलं तर टक-टक! बायकोला बोलावून ऐकवलं. ती ‘हं’ म्हणाली.

मग लाकडी गुटक्यावर वॉटर पेपर, 400 पासून 2000 पर्यंत. नुसत्या बोटांनी घासू नका, खड्डा पडतो. कडा आता हाताला लागत नाही, पण डोळ्याला लागते: पट्टी दुधासारखी पांढरी, डिंगी उन्हाने पिवळसर. सगळं झाकायला निळा पट्टा मारणार होतो.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. आजूबाजूचा खडूसारखा झालेला थर आधी रबिंग कंपाउंडने (घासून चमकवायच्या मलमाने) काढायला हवा, त्याखाली खरा रंग निघेल. जुळवायचं ते त्याच्याशी. पट्टा रद्द. काडीच्या टोकाने जेलकोटमध्ये पिवळी रंगपेस्ट अन् नावापुरती काळी घालून तीन नमुने करतो. ते वाळल्यावरच बघणार, ओला रंग फसवतो.