नाशकात घर भाड्याने घेताना: भाडं शेवटी विचारा

नाशकात कमी भाड्याचं घर कुठे मिळेल असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: सिडको, नाहीतर सातपूर. दोन्हीकडे एमआयडीसी जवळ, त्यामुळे खोल्या भाड्याने देणं हा इथला घरोघरचा जोडधंदा. ह्यांना अंबडच्या कंपनीत काम लागलं म्हणून आम्ही धुळ्याहून आलो. मुलाला पहिलीत घालायचं होतं. भाड्याची ऐपत आठ हजारांच्या आत, म्हणजे कॉलेज रोड, गंगापूर रोड ही नावं घ्यायचीच नव्हती.

आधी एका एजंटकडे गेलो. नुसतं घर दाखवायचे पाचशे, जमलं तर एका महिन्याचं भाडं दलाली. मोबाइलवर फोटो एका घराचे, नेलं दुसऱ्याच घरी. “ते कालच गेलं, ताई.” मग ह्यांची शिफ्ट सुटली की आम्हीच गल्ल्या पालथ्या घालायला लागलो. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक. ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी फाटकावर दिसतेच, पण खरी खबर किराणा दुकानात आणि पिठाच्या गिरणीत. कुणाची खोली कधी रिकामी होणार हे गिरणीवाल्या मावशींना मालकाच्या आधी माहीत असतं. सिडकोत खानदेशातली माणसं भरपूर, “कोनता गावना?” असं कुणी विचारलं की अर्धं काम झालं. आडनाव ऐकून “घरात विचारून सांगतो” म्हणणारेही भेटले. ते काय विचारणार ते आपल्याला कळतं.

सिडकोची मूळ घरं लहान. मालकांनी वर मजले चढवले आणि मजल्यामजल्यावर बिऱ्हाडं ठेवली, पण बऱ्याच घरांत विजेचा मीटर एकच, भाडेकरूला सबमीटर. खरी गोम इथेच आहे. महावितरणचा दर पहिल्या १०० युनिटला सगळ्यात कमी, १०१ ते ३०० पर्यंत बराच वर, त्यापुढे आणखी वर. तीन बिऱ्हाडं एका मीटरवर आली की सगळेच महागड्या टप्प्यात जातात, आणि मालक तोच भार युनिटमागे आपल्यावर टाकतो. एक घर साडेसहा हजारांत मिळत होतं, पण युनिटला चौदा रुपये. आमचा वापर शंभराच्या आतला. स्वतंत्र मीटर असता तर महिन्याला चारेकशे वाचले असते. शिवाय ते घर पत्र्याचं, उन्हाळ्यात कूलरशिवाय निघणार नाही. सोडून दिलं. पाण्याचं मी मालकाला विचारायचेच नाही, शेजारणीला विचारायचे. नळ किती वाजता येतो, वरच्या टाकीत चढतं का, मोटार कोण लावतं, सगळं एका दमात कळतं.

शेवटी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मीटर वेगळा, भाडं साडेसात हजार, डिपॉझिट वीस हजार. घरमालक काका कंपनीतून रिटायर झालेले, काकू बोलक्या. सगळं जमलं, फक्त करारावर अडलं. काका म्हणाले, “पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू. रजिस्टर केलं की कूळ लागतं.”

म्हणजे भाडेकरू घरावर कायमचा हक्क सांगेल. ही भीती मला घरोघर ऐकू आली. आम्हाला मात्र नोंदणीकृतच करार हवा होता. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी भाड्याच्या घराचा पुरावा म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला करारच लागतो, नोटरीचा चालत नाही. आधारवरचा पत्ताही बदलायचा होता. खरं तर ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहू देण्याच्या करारात, मालकाचंच हित जास्त. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं. उलट मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर कलम २४ खाली ताबा परत मागता येतो.

मी कलमं काढून भांडले नाही. घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एका मुलाला बोलावलं आणि त्यालाच काकांशी बोलू दिलं. भाडेकरूच्या तोंडून जे पटत नाही ते कागदवाल्याच्या तोंडून पटतं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (डिपॉझिटवरचं व्याज धरून), म्हणजे आमचं दोन-सव्वादोनशे. शहरात नोंदणी फी १००० रुपये, वर त्या मुलाचे पैसे. खर्च निम्मा निम्मा.

अंगठ्याचं यंत्र आलं आणि काकांचा अंगठाच लागेना. आयुष्यभर लेथवर काम केलेलं, रेषा गुळगुळीत झालेल्या. ओल्या फडक्याने पुसला, पदराने कोरडा केला, उजवा-डावा झाला, शेवटी एका करंगळीने काम केलं. काकू म्हणाल्या, “बघा, पगाराच्या वहीवर सही करायची सवय, अंगठा कसा लागणार!” काही दिवसांत नोंदणी झालेल्या कराराची पीडीएफ मोबाइलवर आली.

म्हाडाचा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाचा, फॉर्मही याच काळात भरला. म्हाडा घर भाड्याने देते असं आमच्या गावाकडे अनेकांना वाटतं. ते सोडत काढून विकते. नाशकात ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या खासगी प्रकल्पांत २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात, नाशिक मंडळाच्या सोडतीत तीही येतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर आपण अत्यल्प गटात. आमचं नाव लागलं नाही, अनामत रक्कम खात्यात परत आली. अधिवास दाखला धुळ्यातूनच काढून आणला होता, तो फाईलला लावून ठेवलाय. पुढची जाहिरात आली की परत भरणार.