पुनर्वसनाच्या गावातली दुपार

आज मावसभावाकडे तेरवीला गेलो होतो. पवनी तालुक्यातलं, गोसीखुर्द धरणात बुडालेल्यांच्या पुनर्वसनाचं गाव. जेवणं झाल्यावर मंडपात बसलो आणि बोलता बोलता विषय निघाला विजेचा.

मी म्हटलं, पाण्याची वीज चांगली. कोळसा जळत नाही, राख उडत नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, तिथल्या लोकांना विचारा राख काय असते ते. आपल्याच नागपूर जिल्ह्यात तोतलाडोहला पेंचच्या पाण्यावर १६० मेगावॉटचं केंद्र आहे, त्यातला एक तृतीयांश वाटा महाराष्ट्राचा.

मामाजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "चांगलीच आहे बाबू. पण वावर आमचं बुडलं नं."

मला पुढे बोलवेना. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ ला झालं, तेव्हा मामाजी ऐन तिशीत होते. वैनगंगेकाठचं धानाचं वावर, आंब्याची झाडं, देवीचं ठाणं, सगळं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. धरण मुख्यतः सिंचनासाठी, वीज त्यामानाने थोडी. पण बुडणाऱ्याला पाणी कशासाठी अडवलं यानं काय फरक पडतो?

मी आजही जलविद्युतच्या बाजूनेच आहे. संध्याकाळी मागणी वाढली की ही वीज काही मिनिटांत सुरू करता येते. सौरला तेव्हा ऊन नसतं. फक्त "स्वच्छ वीज" म्हणताना मामाजींचं वावरही त्या हिशोबात धरलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

निघताना मामींनी घरच्या तांदळाची पिशवी हातात दिली. दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करतात आता.