शाळेच्या हद्दीतले चार ठिपके

लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा भोगून पॅरोलवर सुटलेल्यांवर कॅलिफोर्नियात देखरेख ठेवणं, हे माझं काम. पॅरोल संपेपर्यंत त्यांच्या पायात जीपीएसचा पट्टा असतो. त्या सकाळी एकाच्या नावावर इशारा आला होता: रात्री 2.10, शाळेची हद्द.

आधी नकाशावरचे जीपीएसचे ठिपके पाहिले. चालत गेलेल्या माणसाच्या ठिपक्यांची ओळ दिसते. इथे घरातून एकदम दोनशे मीटरची उडी, चार विखुरलेले ठिपके आणि लगेच परत घरात. उपग्रह जेमतेम चार सापडलेले. भिंतींवर आपटून आलेला सिग्नल असा चकवा देतो. इशारा खोटा, हे टेबलाशीच कळलं. तरी गेलो, कारण पट्टा सैल केलाय का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

पट्टा शाबूत होता. बाथरूममधल्या ग्लासात मात्र तीन ब्रश, त्यातला एक बोटाएवढा, गुलाबी.

“मैत्रिणीची मुलगी येते कधीतरी.”

अल्पवयीन मुलांशी संपर्क ठेवायचा नाही, ही त्याची लेखी अट.

अशा वेळी घाई नडते. मुलीला आपण काही विचारायचं नाही. पुन्हापुन्हा विचारलं की लहान मुलांची उत्तरं बदलतात आणि पुढे कोर्टात तेच अंगाशी येतं. ते काम प्रशिक्षित मुलाखतकाराचं. मी ब्रशचा फोटो काढला, त्याचा फोन तपासला, बालसंरक्षण विभागाला कळवलं आणि मग उपचारतज्ज्ञांना फोन लावला. उपचारांतली गोपनीयता सोडल्याची त्याची सही असतेच, त्यामुळे तज्ज्ञ मोकळेपणी बोलू शकतात. उपचारांच्या गटात मैत्रिणीचा विषय निघाला होता, मुलीचा कधीच नाही.

स्टॅटिक-99आरवर त्याचे गुण कमी होते. पुन्हा लैंगिक गुन्हा होण्याचा धोका जोखणारी ही दहा बाबींची चाचणी वय, आधीच्या शिक्षा असं जुनंच मोजते. घरात कोण नवीन आलं, हे तिला दिसत नाही. अंतराच्या नियमाचंही तेच. 2006 मध्ये मतदारांनी शाळा-बागांपासून 2,000 फुटांच्या आत राहायला बंदी घातली, कितीतरी जण बेघर झाले, आणि 2015 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन डिएगो काउंटीत तिची सरसकट अंमलबजावणी रद्द केली. माझ्या मते ते योग्यच झालं. बेघर माणसाचं बाथरूम कुठून तपासणार?

दुपारी त्याला ताब्यात घेतलं. अहवालात रात्रीचा इशारा आणि अटीचा भंग, दोन्ही वेगळे लिहिले. एकत्र लिहिले असते, तर त्या चार ठिपक्यांवरून वकिलाने सगळंच उडवून लावलं असतं.